चौकटीमागचा रस्ता

(लातूर. डाळीच्या गोदामातली कंट्रोल रूम. भिंतीपलीकडे पोती वाहणाऱ्या चार गाड्या, चालकाविना.)

सबिहा : बोला तुम्ही, मी ऐकून राहिले. तोंडाकडं बघत न्हाई म्हणून राग मानू नका. गाड्या चार हायेत, डोळे दोनच.

रविकांत : चालेल, आपा. सहीचा कागद इथं ठेवतो. वाचून घ्या.

सबिहा : वाचला सकाळीच. 'मी गाडी क्रमांक तीनचा ताबा घेतला होता, परंतु ती वेळेत थांबवली नाही. सबिहा शेख.' भाषा लई साफ हाय. तुम्ही लिहिलं?

रविकांत : नाही, ते हेडऑफिसनं. मी फक्त ही स्क्रीन बनवली. तुमच्या समोरची. चौकटी, बटणं, रंग.

सबिहा : अच्छा, ते तुम्ही. मला वाटायचं कुणी म्हातारा असंल.

रविकांत : का?

सबिहा : एकेक गोष्ट दोनदा विचारता. नक्की का? नक्की का? माझे सासरे असेच होते.

रविकांत : आपा, मशीनमधली नोंद मी पाहिली. तीन नंबरला समोर काहीतरी जाणवलं. ती थांबली, तुम्हाला विचारलं. तुम्ही 'ताबा घेतला' दाबलं. म्हणजे रस्ता मोकळा आहे, असं ती समजली आणि निघाली. तुमचा ब्रेक चार सेकंदांनी लागला. तोवर चाक नरसिंग हमालाच्या पायावर होतं.

सबिहा : सगळं खरं हाय.

रविकांत : मग दाबलं कशाला?

सबिहा : रस्ता बघायला.

रविकांत : नाही समजलं.

सबिहा : तुमची ती विचारणारी चौकट येते कुठं?

रविकांत : मधोमध. लगेच लक्ष जावं म्हणून.

सबिहा : मधोमध म्हणजे रस्त्यावरच की. पिवळी, परातीएवढी. तिच्यामागं हमाल हाय का पोतं हाय, कसं कळावं? बटण दाबलं की ती जाते. मग दिसतं. आम्ही सगळ्याजणी तसंच करतो. नवी पोरगी, जिक्रा, आली तवा तिला मीच शिकवलं, आधी दाब, मग बघ.

रविकांत : पण पूर्ण रस्ता दुसऱ्या स्क्रीनवर दिसतोच ना.

सबिहा : दुसरी कुठली?

रविकांत : इथं... एकच आहे?

सबिहा : तुम्ही आत आल्यापासून एकच हाय, बेटा.

रविकांत : पुण्यात आम्ही दोन लावून तपासलं होतं. चांगलं सहा महिने.

सबिहा : बसवलं कुणाला?

रविकांत : ऑफिसातल्याच लोकांना.

सबिहा : आन् गाडीपुढं कोण वाकलं होतं?

रविकांत : पुठ्ठ्याचा माणूस.

सबिहा : त्याचं बरं होतं. नरसिंगच्या पायाची दोन बोटं गेली. काल दवाखान्यात जाऊन आले. त्याची बायको, पार्वतीबाई, तिथंच होती. स्टूल पुढं सरकवलं, बस म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर घरी जाऊन झोप तरी लागली असती.

रविकांत : काहीच नाही दाबलं तर गाडी उभी राहते, आपा. तसंच ठेवलंय मी.

सबिहा : राहते. दहा सेकंदांनी मागच्या तिन्ही उभ्या राहतात. वीस सेकंदांनी मॅनेजर, अण्णाराव साहेब, उभे राहतात. इथं, माझ्या डोक्यावर.

रविकांत : मग उठून बाहेर डोकवायचं.

सबिहा : खुर्चीतून उठलं की सगळ्या जागच्या जागी थांबतात. तेबी तुमचंच न?

रविकांत : हो. सुरक्षेसाठी.

सबिहा : त्या दिवशी नरसिंग ह्या भिंतीच्या पलीकडंच ओरडत होता. दहा पावलं. उठले असते तर चाक त्याच्या पायावरच राहिलं असतं. म्हणून बसून राहिले. बसून, टेबलावरच्या ह्या दांडीनं हळूहळू गाडी मागं घेतली. त्याचं ओरडणं ऐकत.

रविकांत : सही करू नका.

सबिहा : न्हाई केली तर उद्या ह्या खुर्चीत जिक्रा. केली तर पोलिसात माझं नाव. कुणीकडं सरकू, सांगा.

रविकांत : मी लिहून देतो. चौकट रस्ता झाकते, दुसरी स्क्रीन दिली नव्हती, आन् ती चौकट मी बनवली.

सबिहा : मग तुमची नोकरी?

रविकांत : मार्चपर्यंतच हाय ती. बिलोलीला आईला अजून सांगितलं न्हाई.

सबिहा : आता कुठं आलात गावाकडच्या बोलीत.

अण्णाराव : (आत येत) झाली का सही? मला वर फोन करायचाय.

रविकांत : अण्णाराव साहेब, कागद चुकीचा आहे. त्यांनी ताबा घेतलाच नव्हता.

अण्णाराव : बटण कुणी दाबलं?

रविकांत : त्यांनीच. पण...

अण्णाराव : मग पण कशाला? समोरचं दिसल्याबिगर बटण दाबू नये, लहान लेकरालाबी कळतं.

सबिहा : साहेब, दोन नंबरला चौकट आली.

अण्णाराव : काय हाय समोर?

सबिहा : दिसत न्हाई.

अण्णाराव : अहो, मागच्या अडकतील.

सबिहा : अडकतील. सात सेकंद झाले.

अण्णाराव : मग दाबा की. दाबल्याबिगर दिसणार कसं?

सबिहा : माझे हात मांडीवर हायेत, साहेब. तुम्ही दाबा.