मागच्या ब्रेकचा नट

मंडळी, पांडुरंगाच्या पायाशी डोकं ठेवून आज एकच विचारतो. पाप कशाला म्हणायचं? हातानं केलं ते? तोंडानं बोललं ते? — आणि जे बोलायला हवं होतं, पण बोललोच नाही, ते काय पुण्य?

ऐका तर मग!

घाटमाथ्यावर एक गाव. तिथं दोन भाऊ — थोरला केरबा, धाकटा पांडबा. एका घरात राहायचे, एका चुलीवरचं खायचे, आणि दोघांत अबोला! कारण? बहिणीच्या लग्नपत्रिकेत पांडबानं केरबाचं नाव तिसऱ्या ओळीत छापलं! हसताय? तुमच्या घरातल्या पत्रिका काढू का बाहेर? केरबा गोठ्यातल्या गाईला सांगायचा, "गाई, त्याला म्हणावं पाणी तापलंय." गाय बिचारी दोघांकडं बघायची!

पांडबाची एक काळी मोटारसायकल होती. एक दिवस सकाळी तो किक मारतोय, आणि उंबऱ्यातल्या केरबाला दिसलं — मागच्या ब्रेकचा नट शेवटच्या आट्यावर आलाय! पुढं सगळा घाटाचा उतार. तोंड उघडलं त्यानं... आणि मिटलं. "मी आधी बोलू? मी थोरला!"

गाडी गेली. दुपारी पांडबाचा देह चौघांनी उचलून आणला.

अकरा वर्षं ती गाडी गोठ्यात पोत्यांखाली पडून. केरबा तिकडं बघायचासुद्धा नाही. मग पांडबाची लेक शलाका, बावीस वर्षांची, घाटाखालच्या जनावरांच्या दवाखान्यात कामाला लागली. म्हणाली, "थोरलं आबा, बाबांची गाडी चालू करून द्या. खंडेनवमीला पूजा करून तिच्यावरनंच जाणार मी."

नाही कसं म्हणणार? केरबा बसला. टाकीत खडे घालून गंज खळखळवला, कार्बोरेटर रॉकेलनं धुतला, वायरी बदलल्या. तीन आठवड्यांनी गाडी धडधडली! शेवटी मागच्या ब्रेकचा नट आवळला आणि जेवायला गेला.

परत येतो तर — नट हत्यारांच्या डब्याच्या झाकणात!

मंडळी, काढलेला नट झाकणात उताणा ठेवायची सवय एकट्या पांडबाची होती. केरबाच्या अंगावर काटा आला. "इसारलो असंन," म्हणाला. पुन्हा आवळला. वर दुसरा नट चढवला, तार गुंडाळली. हात धुऊन आला — झाकणात दोन नट! बाजूला तार, सरळ करून ठेवलेली! भर दुपार, गोठ्यात चिटपाखरू नाही. गाय तेवढी रवंथ थांबवून गाडीशेजारच्या रिकाम्या जागेकडं बघतेय, कान टवकारून. बघतेय आणि मान पुढं करतेय — कुणी खाजवावी तशी!

चार दिवस हेच. केरबाचं अन्न तुटलं.

नवमी उजाडली. शलाकानं झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. "आबा, किल्ली द्या."

केरबानं बघितलं. नट झाकणात! तोच उंबरा, तोच उतार, आणि सीटवर पांडबाचीच पोर! आता काय करील? पोरीला पाठवील? का आवळून पुन्हा गप्प बसंल?

"उतर, पोरी!" केरबा ओरडला. "ब्रेक ढिला हाय! त्या दिवशीबी ढिला हुता. मी बघितला हुता. तुझ्या बापाला सांगितलं न्हाई मी... पांडबा, ऐकतोस न्हवं? ब्रेक ढिला हाय रं!"

गायीनं मान खाली घातली आणि रवंथ सुरू केला.

शलाका खाली उतरली. रडली नाही. मग तिनं स्वतः पाना घेतला, नट आवळला. तासभर दोघं समोर बसून राहिली — नट हलला नाही! तिनं किक मारली. निघताना म्हणाली, "आबा, माफ केलं म्हणत न्हाई मी. पर खाली पोचल्यावर फोन करीन."

आणि केला!

आता मंडळी, इथून मला सगळं दिसतं. या मांडवात दोघे सख्खे भाऊ एकमेकांकडं पाठ करून बसलेत. नाव नाही घेत. केरबाचं बोलणं पांडबाच्या कानावर जायला अकरा वर्षं लागली. तुमचा भाऊ तर तीन हातांवर बसलाय, जिवंत! मृदंगवाले, जरा थांबा. टाळ खाली ठेवा. आधी त्यांना बोलू द्या — मग आपण देवाचं नाव घेऊ.