कागदावरच्या माणसाची निंदा

हसू नका, पण यंदा चातुर्मासात कुणाची निंदा करायची नाही असा नेम मी धरला, आणि तेव्हाच विश्रामबागेतल्या आमच्या वाचन मंडळानं ती कादंबरी वाचायला दिली. त्यातला नायक इतका हलकट, की मला ओठ आवळून पानं उलटावी लागायची. शेवटी सासूबाईंना विचारलं, "आत्या, पुस्तकातल्या माणसाला नावं ठेवली तर नेम मोडतो का?"

सासूबाई वडूजच्या. वाती वळता वळता म्हणाल्या, "त्येला कुठं ऐकू जातंय? बोल की मोकळं."

मग काय, मी सुटलेच. "अहो, आईनं वाढलेलं ताट मीठ कमी म्हणून सरकवतो. बायको तापानं फणफणलीय, तर उशाशी येऊन विचारतो, चहा कधी होतोय. स्वतःचा टॉवेल वाळत घालत नाही आणि पाहुण्यांत बसून बायकांच्या कष्टांवर भाषण देतो. असल्याला नायक कुणी केला?"

"मुडदा बशिवला त्येचा," सासूबाईंनी भर घातली.

बाहेरच्या खोलीत आमचे हे पेपर वाचत होते. पानांची सळसळ थांबली. थोड्या वेळानं ते स्वतः केलेल्या चहाचे दोन कप घेऊन आत आले आणि खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी तुला एवढा ताप असेल असं मला वाटलं नव्हतं."

नेम मोडला की राहिला, मला कळेना. मी देव्हाऱ्याकडे बघत बसले. हे बाहेर गेल्यावर सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या. "पुस्तक लगीच संपवू नगं. सावकाश वाच."