खाली दंड झाले

आईच्या मेसेजमध्ये त्या दिवशी एकही फूल नव्हतं, तिथेच माझं धाबं दणाणलं. एरवी तिचा मेसेज म्हणजे अर्धी बाग असते. आज नुसतंच, ‘खाली दंड झाले. बाबांना सांगू नकोस, मीच सांगेन.’

आई पुण्याहून माझ्याकडे परदेशात, बेडोकला आली होती, आणि खाली म्हणजे आमच्या इमारतीखालची कबुतरं! त्यांना दाणे टाकले की इथे दंड होतो, हे मी तिला रोज बजावत होते.

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मृणालला मेसेज दाखवला. ती म्हणाली, “दंड झाले? म्हणजे एकाहून जास्त? काकूंनी केलं तरी काय?”

मी फोन लावला. नुसती रिंग.

तशी आई खमकी हो. गेल्या वर्षी तिचा खांदा असा धरला की स्वतःची वेणी घालता येईना. जिम लाव म्हटलं, तर म्हणाली, “घरात भिंत आहे की!” रोज उभ्याने भिंत ढकलायची. मग ओट्यावर हात टेकून सुरू केलं. वेणी पुन्हा घालायला लागली, स्वतःच्या हाताने. पण इथल्या ऑफिसरपुढे एकटी काय बोलली असेल?

पुन्हा लावला. अखेर उचलला. धापा टाकत होती.

“आई, किती दंड झाला?”

“झाला काय, झाले! पाच! ओट्यावर नाही गं, खाली, जमिनीवर! सहावा काढत होते, तर तुझा फोन!”