साने काकूंकडे नेलेली पिशवी

साप पकडताना भीती नाही वाटत का, असं मला सगळ्या विचारतात. मला भीती एकदाच वाटली, तीही दुबईतल्या 'बर दुबई' भागात, साने काकूंच्या हळदीकुंकवात.

मंदीत ह्यांची नोकरी गेली होती. मोठमोठे साहेब पाळलेले अजगर बागेत सोडून आपापल्या देशी पळत होते, आणि ते अजगर पकडण्यावर आमचं घर चालायचं. त्या दिवशी एक पकडला आणि तशीच काकूंकडे गेले. संक्रांतीची थंडी, गाडीत गारठेल म्हणून पिशवीला गाठ मारून ती आत आणली आणि सगळ्यांच्या पर्सशेजारी ठेवली.

काकू वाण हातात देत नाहीत, जिच्या तिच्या पिशवीत घालतात. मी तिळगूळ खातेय तोवर त्यांनी माझ्या पिशवीची गाठ सोडलीसुद्धा. बाकीच्या डोकावल्या आणि थेट सोफ्यावर चढल्या. मला वाटलं, खलास, आता आपल्याला कुठलंच बोलावणं नाही.

काकूंनी गाठ परत मारली.

"नर की मादी गं?"

"मादी."

"मग आधी सांगायचंस ना," असं म्हणत त्यांनी पिशवीलाच हळदकुंकू लावलं.

पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला, "संध्याकाळी दोघी या."