पिवळी पिन

— नाई नाई सर, हात नका लावू, गरम हाय अजून. बसा ना. त्या स्टुलावरचा रेडिओ खाली ठेवा, त्याचा मालक काई आता येत नाई. झालं का म्हनता? होत आलं. तुमचं हे कॉम्प्युटर जुन्या काळचं, याले सोताचा पडदाच नाई, टीव्हीले जोडा लागते — आन् नव्या टीव्हीले याचं एरियलचं भोक चालत नाई, म्हनून ते काढून पिवळी पिन बसवाची. पयल्याच बाजाराच्या दिवशी, तुमी हे आनलं तवाच समजलं होतं मले. अख्ख्या देऊळघाटात भगवंतराव टीव्हीवाल्याशिवाय हे कोन करून देईन? टीव्हीच कोनी आनत नाई म्हना आता, बिघडला का नवा घेतेत — ते सोडा, चहा घ्या.

आता घाई काऊन नाई करत, ते पाहा. हे जुनं शिसं हाय ना, लय हट्टी. लोक काय करतेत — सोल्डरची गरम सळई दाबून धरतेत, धरतेत, आन् शिसं राह्यते जागीच, खालची तांब्याची पट्टी मात्र उचकटून येते. मेलं मंग सारं बोर्ड. त्याच्यावर दाबाचं नसते सर. त्याच्यावर नवं शिसं टाकाचं, थोडसंक. नव्याची सोबत भेटली का जुनंही पाघळते. मंग वरून तांब्याची जाळी ठेवा, पिऊन घेते सारं. सोबत लागते हो. कोनालेबी लागते.

आन् बसवतानी? एका हातात सोल्डरची सळई, दुसऱ्यात शिशाची तार — मंग पिन कोन धरन? पुष्पा धरे. आमची मंडळी. इथंच बसे, तुमच्या जागेवर, चिमट्यानं पिन धरून. मी आधी एकच टाका मारो, तं म्हने, "चुकलं तुमचं, वाकडी हाय." नसे वाकडी! पन तिचं आपलं तेच — भाजीत मीठ टाकलं, चुकलं तुमचं. सदऱ्याचं बटन लावलं, चुकलं तुमचं. दवाखान्यात नाकात नळी होती, तरी मले खुनेनं सांगे का चप्पल उलटी घातली तुमी. आता कनकेचा गोळा लावून धरतो पिन. एकट्याची कनिक उरतेच. कनिक काई बोलत नाई.

पन तुमचं हे कॉम्प्युटर बोलते बरं. खरंच! काईबी लिवा, खालून लगेच जबाब. मी आपलं इंग्रजी अक्षरात लिवलं — पुष्पा, जेवली का? तं खाली आलं, एरर. म्हनजे चूकच ना? मी हासलो सर, एकटाच, लय हासलो. मंग लिवलं, आज भाकर करपली. एरर. लिवलं, तुयी लुगडी कोनाले देऊ? एरर. रोज जेवाले बसलो का लावतो, ताट समोर घेऊन, आन्...

असं काऊन पाहता?

हाव. चालते ते. टीव्हीवर चांगलं दिसते, पिवळ्या पिनेतूनच. मागच्या बाजारी बी चालत होतं. तुमी आले, चहा घेतला, तुमच्या वडिलाचं सांगतलं, हे त्यायचं होतं म्हनून — मले वाटलं, अजून एक बाजार तुमी यान. काम झालं का कोन येते सर?

घ्या. पिशवीत नीट ठेवा, पिनेवर वजन नका देऊ. थांबा — एकडाव लावू का? विचारतो त्याले, सर पुढच्या बाजारी येतीन का —

नाई. राहू द्या. ते काय म्हनन, मले मालूम हाय.

जा सर. एस्टी निघून जाईन.