हंसाची सात गाणी

लहानपणी वीस वेळा पाहिलेल्या हंसाच्या चित्रपटातलं एकही गाणं एडिथला आठवत नव्हतं. रॉचेस्टरच्या स्मृतिचिकित्सालयात तिचं आणि तिचा नवरा वॉल्टरचं बोलणं शेजारच्या खुर्चीवरच्या लोरेटाला ऐकू येत होतं.

“आपण पाहिलेल्या नव्या आवृत्तीतली सातही गाणी जुन्या चित्रपटातलीच आहेत, एडिथ. तू म्हणालीस, जुन्यात गाणी नव्हतीच. तेव्हाच मी धसकलो.”

“हंस उडाला की आई हातांनी पंख करायची, वॉल्टर. ते लख्ख आठवतंय.”

“तुझे आईबाबा बहिरे होते. तुला तर ऐकू येत होतं ना?”

“टीव्ही बोलतो, हे मला शाळेतल्या मैत्रिणीकडे कळलं.”

“आणि तुमच्या घरचा?”

“जुना घेतलेला. त्याचा आवाज बिघडलाय, हे त्यांना कळणार कसं?”

“म्हणजे तू गाणी विसरली नाहीस. तू ती ऐकलीच नव्हतीस.”