हरकत हाय की नाय

अहो, नळच मागत होतो ना, राजवाडा थोडाच? पण नाही! "अहवाल यायचाय!" तुम्हाला सांगतो, एकोणऐंशी ते ब्याऐंशी, तीन वर्षं, बेटेगावच्या पलीकडे आमच्या पाड्याला नळ द्यायचा ठराव तात्या अध्यक्ष असलेल्या पंचायतीच्या समितीत कुजत पडलेला! का? तर नियम! समितीचा अहवाल आल्याशिवाय ठराव पंचायतीच्या सभेपुढे येत नाही. माझी बुधी आत्या टेकडीखालच्या झऱ्यावरून रोज सहा हंडे वाहणार, गुडघे चोळणार, मग पंचायतीत जाऊन विचारणार, "तात्या, आमचा नळ?" आणि तात्या खुर्चीतून न हलता, "बुधे, अहवाल यायचाय!"... कुठून यायचाय? दिल्लीहून? समिती तुमची, अहवाल तुमचा, मग येतोय कुठून?

खरं दुखणं काय, तर पाइप तात्यांच्या चिकूच्या वाडीच्या कडेनं जाणार. झाडांची मुळं दुखावतील म्हणे! आत्याचे गुडघे दुखले तर चालतात...

आता मी त्या समितीत कसा? शाळा नववीत सोडली, पण अक्षर छापल्यासारखं, आणि समितीतल्या तिन्ही म्हाताऱ्यांचे चष्मे कायम घरी! म्हणून मी लेखनिक. बैठक म्हणजे काय हो? चहा, भजी, आणि "बघू पुढच्या महिन्यात." शेवटी सरपंच प्रतापराव भडकले, "तात्या, या महिन्यात अहवाल द्या, नाहीतर समिती बरखास्त!" बरखास्त म्हणजे भजी बंद! दुसऱ्याच दिवशी तिघं हजर.

तात्यांच्या तोंडात तंबाखूचा हा एवढा तोबरा. मला सांगतात, "लिव... शमितीची... हलकत... आय." आता हे 'हाय' की 'नाय'? तुम्हीच सांगा! मी विचारलं, "नाय ना, तात्या?" त्यांनी मान हलवली... कशी? अशी, गोल! ना उभी, ना आडवी! मी लिहिलं, 'समितीची हरकत नाही.' तिघांनी सह्या ठोकल्या. वाचलं कुणी? अहो, चष्मे घरी!

आणि सभा भरली. आत्या दारात उभी. प्रतापरावांनी खणखणीत वाचलं, "समितीची हरकत नाही!" तात्या ताडकन उठले. "उं! उं उं!" डोळे बाहेर! प्रतापराव म्हणाले, "बघा, अध्यक्ष स्वतः उठून पाठिंबा देतायत!" आता विरोध करायचा तर तोंड उघडायला हवं, तोंड उघडायचं तर आधी पिंक टाकायला हवी, आणि समोर सरपंचांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट! धावले बिचारे ओट्याकडे... परत येईतो सगळे हात वर! ठराव मंजूर!

"अरे, मी हाय बोल्लो होतो, हाय!" तात्या ओरडले.

"हाय ना? मग झालं की!" प्रतापराव.

आणि आत्या? "आला गं बायांनो, अहवाल आला!" ओरडत पाड्यापर्यंत पळाली, गुडघेबिडघे विसरून!

चार महिन्यांत नळ उभा. पण उद्‌घाटनाचा नारळ कुणाच्या हातात? तात्यांच्या! फरशीवर नाव कुणाचं? तात्यांचं! वर भाषण, "या नळासाठी मी तीन वर्षं झटलो!" माझे हात काही टाळ्यांना उठेनात. तेवढ्यात आत्यानं बरगडीत कोपर हाणलं.

"वाजव रे देवू! नायतर कॉक कधी उघडायचा, त्याची परत समिती नेमतील."

वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या.